राखीव रांगेतला

संगणकाच्या पडद्यावरचा एक चौकोन विझला आणि पुन्हा पेटला. इतकंच झालं. लेझरवाला माझ्या शेजारी खुर्ची मागे झुकवून बसला होता, हातात थंड झालेला चहा, संरक्षक चष्मा कपाळावर चढवलेला. तो म्हणाला, "बघ, एक गेला आणि दुसरा आलासुद्धा. कुणाच्या बापाला पत्ता लागला नाही." यात हसण्यासारखं काही नव्हतं, पण तो हसला. सकाळपासून आम्ही दोघं त्या काळ्या पडद्यांच्या खोलीत बसून तेच तेच चित्रण संथ करून बघत होतो, आणि अशा वेळी माणूस कशालाही हसतो. मला हसू आलं नाही. मी म्हणालो, "मागे घे. अजून सावकाश." त्याने मागे घेतलं. चौकोन पेटलेला होता. मग नव्हता. मग होता. आधीच्यात आणि नंतरच्यात तिळमात्र फरक नव्हता, आणि फरक नसणं हीच तर आमच्या धंद्याची बढाई होती.

धंदा म्हणजे अणू पकडून ठेवायचे. काचेच्या एका चौकोनी कुपीतून हवा जितकी उपसता येईल तितकी उपसायची, आत एका धातूची जराशी वाफ सोडायची आणि लेझरच्या उजेडाचे शेकडो बारीक चिमटे लावायचे. एका चिमट्यात एक अणू. येतो किंवा येत नाही. सुरुवातीला जवळजवळ निम्मे चिमटे रिकामेच असतात. मग कॅमेरा बघतो, प्रोग्रॅम ठरवतो, आणि कडेला राखून ठेवलेल्या रांगेतला एकेक अणू उचलून रिकाम्या जागी नेऊन बसवला जातो. पापणी लवायच्या आत हे सगळं होतं. पाहुणे आले की आमच्या बाई हा भाग फार रंगवून सांगतात. बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांना दुसरं काही म्हणायची कुणाची छाती होत नाही. "कारखान्यातले दोन स्क्रूसुद्धा अगदी सारखे नसतात," त्या सांगतात, "पण हे बघा, हुबेहूब. कुणाच्याही जागी कुणीही चालतो. आमच्याकडे कुणाचे नखरे नाहीत." पाहुणे तोंडात बोट घालतात. मी मागे उभा राहून मान डोलावतो, कारण ती राखीव रांग आणि तिच्यातून भरायची पद्धत, सगळं माझ्या हातचं आहे. बाई ते सांगायला विसरतात, आणि मी आठवण करून देत नाही.

गेल्या वर्षी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या प्रयोगशाळेशी आमची जोडणी सुरू झाली. इथला एक अणू, तिथला एक अणू, मध्ये रस्त्यांखालून गेलेली काचेची तार. दोघांकडून उजेडाचा एकेक कण निघतो, ते वाटेत एका पेटीत भेटतात, आणि हजारो वेळा फसल्यावर कधीतरी ती पेटी सांगते की जमलं. त्यानंतर ते दोन अणू एकमेकांचे होतात; याला दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही. इथल्याला विचारलं तर जे उत्तर येईल, त्याला साजेसंच उत्तर तिथला देतो. पण जोडून ठेवलेला अणू मध्येच निसटतो. कितीही हवा उपसली तरी एखादा चुकार कण आत राहतो आणि येऊन धडकतो. म्हणून मी युक्ती बसवली होती. शेजारच्या अणूला विचारायचं, तुझ्या बाजूला कुणी आहे का? कोण आहे, कसा आहे, हे विचारायचं नाही, तेवढ्यानेही जोडणी मोडते. नुसतं आहे की नाही. शेजारी नाही म्हणाला की राखीव रांगेतला एक आणून बसवायचा. सगळं कसं सुरळीत. फक्त उत्तरं जुळत नव्हती. जोडणी थोडाच वेळ सांभाळली तर जुळायची. जास्त वेळ सांभाळली तर नाणं उडवल्यासारखी, कधी हो, कधी नाही. आम्ही तारेला दोष दिला. मग पलीकडच्यांना दिला. पलीकडच्यांनी आम्हाला दिला. फोनवर आवाज चढले आणि दोन्हीकडची मंडळी एकमेकांना फार आदराने ईमेल लिहायला लागली, म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं.

आणि आता हा चौकोन; शेजारच्याने आहे म्हटलं की पेटायचा, नाही म्हटलं की विझायचा. त्याच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका होता, जोडणी शाबूत असल्याची खूण. अणू गेला तेव्हा ठिपका विझला नाही. नवा आला तेव्हाही तो तसाच होता. मी ती खूण अणूला लावलीच नव्हती, जागेला लावली होती. दुसरं काही करायचं मला सुचलंही नसतं, कारण आमच्यात अणूला नाव नसतंच. अमुक रांगेतला अमुकावा म्हटलं की झालं, तिथे जो असेल तो तो. पलीकडचा अणू ज्याच्याशी बांधलेला होता तो केव्हाच निघून गेला होता, आणि त्याच्या जागी बसवलेल्या नव्याला आम्ही मोठ्या विश्वासाने विचारत होतो, सांग, काय उत्तर? त्या बिचाऱ्याला प्रश्नच ठाऊक नव्हता. त्याला बसवलं होतं म्हणून तो बसला होता, विचारलं म्हणून काहीतरी सांगत होता. लेझरवाला मला म्हणाला, "काय झालं? चेहरा का पडलाय?" मी म्हणालो, "काही नाही." खरं तर गेल्या कित्येक महिन्यांचं कोडं मला त्या क्षणी सुटलं होतं, उठून नाचायला हवं होतं. मला त्या खोलीतून बाहेर पडावंसं वाटत होतं.

माझ्या आधी घरात एक मुलगा होता. थोरला. नुकता शाळेत जायला लागला होता, ताप आला, ताप डोक्यात गेला आणि तो गेला. मग मी झालो. माझं नाव त्याचंच ठेवलं आणि हाक मारायचं नावही त्याचंच, टिल्लू. तो म्हणे अंगाने लहानखुरा होता. मी ताडमाड वाढलो, दारातून वाकून आत यावं लागतं, तरी टिल्लूच. त्याचं पांघरूण मला मिळालं, त्याची तीनचाकी सायकल मिळाली, खिडकीजवळची झोपायची जागा मिळाली. आईच्या कपाटात एक फोटो आहे, त्यात सायकलवर बसलेला एक मुलगा उन्हामुळे डोळे बारीक करून बघतोय, आणि तो कोण हे मी आजवर विचारलेलं नाही. यात कुणाची काही लबाडी नव्हती. थोरला गेल्यावर आईला वेड लागायची पाळी आली होती, जेवण सोडलं होतं तिने, भिंतीकडे तोंड करून पडून असायची. मी झालो आणि ती उठून बसली. मावशी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "गेला कुठे? परत आला की नाही?" आणि मला पुढे करायची. मी पुढे व्हायचो. पाहुणे माझी हनुवटी धरून बघायचे आणि म्हणायचे, "अगदी तोच."

दुधावरची साय मला बघवत नसे. आई ती बोटाने गोळा करून माझ्या तोंडाशी आणायची आणि म्हणायची, "तुला आवडते ना." मी खायचो. गिळताना श्वास धरून ठेवायची सवयच लागली होती. लग्न झाल्यावर बायकोने पहिल्या आठवड्यात हे पकडलं. ती मला म्हणाली, "अरे, तुला ओकारी येतेय आणि खातोस कशाला?" तोवर मला साय आवडत नाही हे मोठ्याने कुणी म्हटलेलं नव्हतं, मीसुद्धा नाही. पण साय काय, सोपी गोष्ट. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, थोरल्याच्या उंचीच्या. मीही तिथे पाठ टेकवून, टाचा चिकटवून उभा राहायचो. आई डोक्यावर पट्टी आडवी धरायची, बघायची आणि रेघ मारायची नाही. "अजून नाही," म्हणायची. मी चवड्यांवर उभा राहून बघितलं तर पायावर चापट बसली. पुन्हा काही महिन्यांनी, "अजून नाही." मला वाटायचं आपण काहीतरी नीट करत नाही आहोत, जास्त जेवायचो, दाराच्या कडीला लोंबकळायचो. शेवटी एक दिवस डोकं थोरल्याच्या शेवटच्या रेघेच्या जरा वर गेलं आणि तिने पेन्सिल उचलली. तिचा चेहरा तेव्हा इतका उजळला होता की मला आनंदाने रडू आलं. तिथून पुढे ती माझी उंची नेमाने मोजायची. त्या चौकटीवर खालून वरपर्यंत एकाच मुलाची वाढ दिसते, कुठे खंड नाही. बाबांनी घर रंगवलं तेव्हा तेवढी चौकट सोडून रंगवलं.

हे मी काही रोज उगाळत बसत नाही. माणसाला कामं असतात. पण आईच्या किडन्या थकल्या, रक्तातली घाण डोक्यापर्यंत चढायला लागली आणि तिचं बोलणं मागेपुढे व्हायला लागलं, तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला होता. ती जाणार हे दिसत होतं. त्याचं दुःख होतंच, पण त्या दुःखाच्या आत एक दुसरी, हावरट म्हणावी अशी गोष्ट होती: जाण्याआधी एकदा तिने मला बघावं. टिल्लू म्हणून नव्हे, त्याच्यानंतर आलेला, वेगळा, साय न आवडणारा असा जो कुणी मी आहे, तो म्हणून. एकदाच. हे जगात एकच माणूस करू शकत होतं आणि ते इस्पितळात सलाइन लावून पडलं होतं. बायकोला हे मी कधी सांगितलं नव्हतं, पण तिला सांगावं लागत नाही. काल संध्याकाळी वॉर्डाबाहेरच्या बाकावर ती म्हणाली, "तू तिला एकदा विचारून टाक ना."

"काय विचारू?"

"मी कोण, असं विचार."

"ती सांगेल टिल्लू."

"मग विचार, कोणता टिल्लू."

"म्हणजे आता या अवस्थेत तिची तोंडी परीक्षा घेऊ?"

"तुझं तुला कळतं," बायको म्हणाली. "पण ती गेल्यावर वर्षानुवर्षं माझ्यापाशी कुढत बसशील, ते मी नाही ऐकून घेणार. आत्ताच सांगून ठेवते." ती चिडली की माझ्या शर्टाचं बटण लावत बसते, लागलेलं असलं तरी काढून पुन्हा लावते. तसं तिने केलं आणि आम्ही पुन्हा आत गेलो. आई झोपली होती.

लेझरवाला जेवायला गेला तेव्हा मी बाईंच्या खोलीत जाऊन त्यांना चूक सांगितली. बाई ऐकत असताना काहीतरी खात होत्या, त्यांनी ते बाजूला ठेवलं. "म्हणजे जोडणी जास्त वेळ सांभाळून घेतलेला जेवढा डेटा आहे—"

"सगळा. फेकून द्यावा लागेल."

"आणि पलीकडच्यांना मी काय सांगू? त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार तेवढा करायचा राहिला होता आपला." त्यांनी चष्मा काढून डोळे दाबले. मी उभाच होतो. मग त्या म्हणाल्या, आणि आवाजात राग नव्हता, नुसता कंटाळा होता, "अरे, त्या नव्या अणूला काय बोलता येतंय? मी तो नव्हे, असं त्याने सांगायचं कुणाला? ते तुझ्या प्रोग्रॅमने सांगायला हवं होतं."

"हो."

"तू एवढा बारीक बघणारा. तुझ्या नजरेतून हे सुटलंच कसं?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. जागा भरली की काम झालं, मागचं पुढे चालू, हे मला आमच्या दाराच्या चौकटीशी उभं करून शिकवलं होतं. बाकीच्यांनी थांबून विचार केला असता तिथे मला विचार करण्यासारखं काही दिसलंच नाही. पण हे प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सांगायचं म्हणजे भलतंच. बाई म्हणाल्या, "दुरुस्ती केवढी आहे?" मी सांगितलं की फारशी नाही. जागा रिकामी झाली की खूण पुसायची आणि नवा आला तर त्याला कोरा धरायचं, कुणाशीही काही नातं नसलेला. "आणि पलीकडच्या अणूचं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, त्याला सोडून द्यायचा. त्याचा जोडीदार गेला हे त्याला कळवायची काही सोय नसते आणि गरजही नसते. बाई म्हणाल्या, "ठीक आहे, लाग कामाला," आणि बाजूला ठेवलेला डबा पुन्हा पुढे ओढला.

मी कामाला लागलो. तो काळा पडदा ओढून घेतला, खुर्चीत बसलो, माझ्याच लिहिलेल्या ओळी वाचायला लागलो. कुठली ओळ बदलायची ते ठाऊक होतं. बोटं कळफलकावर होती आणि हलत नव्हती. वातानुकूलनाचा आवाज, पंपाची घरघर, आणि पडद्यावर ते चौकोन, रांगेने पेटलेले, आज्ञाधारक. नव्याला कोरा धरायचं. मी ते शब्द मनात पुन्हा पुन्हा म्हणत होतो. मला त्या अणूचा हेवा वाटत होता, हे लिहायलाही लाज वाटते, पण वाटत होता. एका दुपारीत कुणीतरी त्याची चूक दुरुस्त करून टाकणार होतं. त्याच्याकडून यापुढे कुणी जुन्या प्रश्नाचं उत्तर मागणार नव्हतं. मग मी शेवटी ती ओळ लिहिली, तपासून पाहिली, आणि तेवढ्यात बाहेरच्या टेबलावर ठेवलेला माझा फोन वाजत असल्याचं सांगायला लेझरवाला आत आला. बायको होती. "ये," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले बोलावून घ्या." मी विचारलं, शुद्धीवर आहे का? ती म्हणाली, "येते-जाते. तू ये आधी."

बसला गर्दी होती. एक गृहस्थ माझ्यासमोरून उठले आणि मी त्यांच्या जागी बसलो. सीटला अजून त्यांची ऊब होती. एरवी माझ्या लक्षातही आलं नसतं, आज मात्र मला ती सहन होईना. मी पुढच्याच थांब्याला उठून दांडा धरून उभा राहिलो, आणि एक बाई संशयाने त्या सीटकडे बघून मग बसल्या. खिडकीतून दुकानं जात होती, इमारती जात होत्या, दुपार संपत आली होती. मी मनात वाक्य जुळवत होतो. आई, मी कोण आहे? हे फार परीक्षेसारखं झालं. आई, थोरला कसा होता? हे बरं, पण ती म्हणेल कोण थोरला. आई, मला साय आवडत नाही. हे सुचल्यावर मला हसू आलं, एकट्यालाच, आणि शेजारच्या माणसाने जरा अंग चोरलं. इतक्या वर्षांचं सगळं गाठोडं सोडायचं आणि त्यातून निघणार काय, तर साय. इस्पितळाचा थांबा आला तेव्हा माझं ठरलं होतं की सरळ विचारायचं, लाजायचं नाही. आज नाही तर कधीच नाही, हे मला पक्कं कळलं होतं.

आई डोळे मिटून पडली होती. ती इतकी लहान झाली होती की पलंग रिकामाच वाटत होता. बायको उशाशी बसून कापसाने तिचे ओठ ओले करत होती; मला बघून उठली, कापूस माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, "आत्ताच छान बोलली माझ्याशी. पुन्हा उठेल. मी बाहेर आहे." जाताना तिने माझ्याकडे जे बघितलं त्यात कालचं सगळं बोलणं होतं. मी बसलो. आईचा हात हातात घेतला. औषधांचा, फिनेलचा आणि त्याखाली तिचा स्वतःचा असा वास येत होता. मी वाट बघत राहिलो, आणि किती वेळाने कोण जाणे, तिने डोळे उघडले. डोळ्यांत गढूळपणा नव्हता. कित्येक दिवसांत तिने माझ्याकडे असं नीट बघितलं नव्हतं.

"आलास," ती म्हणाली.

"हो, आई."

"पडदा ओढून घे जरा."

मी पलंगाभोवतीचा पडदा ओढला आणि परत बसलो. माझं वाक्य तयार होतं. "आई, एक विचारू?" मी म्हणालो. "मी—"

"मला बोलू दे आधी. नाहीतर राहून जाईल." तिला दम लागत होता, ती थांबून थांबून बोलत होती. "तुला कधी सांगितलं नाही, टिल्लू. तुझ्या पाठीवर एक झाला होता."

माझा हात तिच्या हातात होता. तो मी हलवला नाही.

"मुलगाच," ती म्हणाली. "तुला नसेल आठवत."

"कसा होता?" मी विचारलं. माझा आवाज मला ओळखू आला नाही.

"भित्रा होता रे. पण गुणी. घरात काही सांडलं, फुटलं, की आधी हा म्हणणार, माझं चुकलं. अगं बाई, भांडं माझ्या हातून पडलंय आणि हा कोपऱ्यातून म्हणतोय, माझं चुकलं." ती हसली. खरोखर हसली, सुकलेला ओठ ताणून. "शिंक येणार असली की आधी सांगायचा, आई, येतेय हं. आणि झोपताना दोन्ही मुठी उशीखाली घालायचा. सकाळी बोटांवर उशीच्या शिवणीचे वळ असायचे. मी चोळत बसायचे ती बोटं, तो उठायच्या आधी."

शिंकेचं मला ठाऊक होतं, बायको अजून त्यावरून चिडवते. मुठींचं ठाऊक नव्हतं. कुणी माझी बोटं चोळत बसलं होतं हे तर मला स्वप्नातही ठाऊक नव्हतं. अंगभर असा काही आनंद पसरत होता की मला त्याची भीती वाटली. तिला सगळं माहीत होतं. तिने सगळं बघून ठेवलं होतं. मी कसाबसा म्हणालो, "उठल्यावर का नाही चोळलीस?"

"उठला की माझ्याकडे बघायचा ना." तिने ओठांवरून जीभ फिरवली. मग म्हणाली, "मी ओट्यापाशी असले की मागे येऊन उभा राहायचा. हाक नाही मारायचा. मला कळायचं हं, पाठीला कळतं आईच्या. पण मी वळायचे नाही."

"का?"

"वळले की तो दिसणार. तो दिसला की तू नाहीस हे कळणार." हे तिने अगदी साधेपणाने सांगितलं, भाजीत मीठ का कमी घातलं ते सांगावं तसं. "मग तो तरी किती दिवस उभा राहील? एकदा वळून बघितलं, तर तूच उभा होतास."

"आणि तो?"

"तो गेला."

पडद्यापलीकडून सिस्टरची ट्रॉली गेली. आईच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी निघून कानाकडे चाललं होतं. मी ते कापसाने टिपलं. "कुणी रडलं नाही त्याच्यासाठी," ती म्हणाली. "मी नाही, तुझे बाबा नाहीत. तू रड थोडा. मला आता होत नाही."

मी म्हणालो, "रडेन." एक वाक्य पुरेसं होतं. आई, तो मीच आहे. ते माझ्या जिभेवर होतं, आयुष्यभर त्याचीच तर वाट बघितली होती. पण ते म्हटलं असतं तर तिला दुसरीही गोष्ट कळली असती, की तिचा हात धरून थोरला बसलेला नाही, आणि मग या पलंगावर, आज, तिला तो पुन्हा मरताना बघावा लागला असता. तिच्यात तेवढं बळ उरलं नव्हतं. हे झालं चांगुलपणाचं कारण. दुसरं कारण असं, की मला भीती वाटली. मी म्हटलं असतं मीच तो, आणि तिने माझ्याकडे नीट निरखून बघितलं असतं आणि नाही म्हटलं असतं, तर? मी तिच्या बोटांची हाडं मोजल्यासारखी चाचपत राहिलो. शेवटी कडेकडेने, चोरासारखं विचारलं, "आई, तो परत आला तर?"

तिने विचार केला. मला दिसलं की ती खरंच विचार करतेय, कपाळावर ती जुनी आठी आली. मग तिने माझ्या हातावर थोपटलं.

"आता कशाला?" ती म्हणाली. "तू आहेस ना."

तिने डोळे मिटले ते पुन्हा उघडले नाहीत. श्वास चालू होता, मग सिस्टर आली, डॉक्टर आले, मला बाजूला व्हायला सांगितलं. मी बाहेर आलो. बायको बाकावरून उठली. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, पण तिने माझे दोन्ही दंड घट्ट धरले.

"बोलली?"

"हो."

"ओळखलं तुला?"

"ओळखलं. सगळं आठवत होतं तिला माझं. मलासुद्धा नाही एवढं."

"बघ," बायको म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "मी म्हणत नव्हते? काय म्हणाली?"

"गेला म्हणाली."